शेंड्यावरच्या मूलपेशी आणि त्यांना आवरणारी प्रथिने

प्राण्याच्या शरीराची मांडणी गर्भावस्थेतच बहुतांशी पुरी होते. जन्मानंतर शरीर आकाराने वाढते, पण त्याला नवे हातपाय किंवा नवे डोळे फुटत नाहीत. वनस्पतीची रीत निराळी आहे. बीजातील गर्भाजवळ एकदोन बीजपत्रे आणि दोन टोके, एक खोडाचे व एक मुळाचे, याहून फारसे काही नसते, आणि पुढे दिसणारे प्रत्येक पान, फांदी, फूल व फळ हे रोप उगवल्यानंतर या टोकांपाशी आणि त्यांच्यापासून निघालेल्या नव्या टोकांपाशी घडत जाते. जुनाट वडाला दरवर्षी फुटणारी तांबूस पालवीदेखील अशाच टोकांची निर्मिती असते, म्हणजे झाड कितीही वयाचे झाले तरी त्याच्या अंगावर कुठे ना कुठे गर्भावस्थेचा एक तुकडा शिल्लक राहिलेला असतो.

सतत विभागत राहणाऱ्या पेशींच्या या समूहाला विभाजी ऊती म्हणतात. खोडाच्या टोकावरील ऊतीला प्ररोह-विभाजी असे नाव आहे आणि तिचे पहिले शास्त्रीय वर्णन कास्पर फ्रीडरिख वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १७५९ साली केले, तेव्हा पेशी ही कल्पनाही नीटशी रुजलेली नव्हती. कोवळी पाने एकेक करून सोलून काढली की अगदी मध्ये एक काचेसारखा चमकणारा घुमट उरतो. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस थॅलियाना या छोट्या तणात त्याची रुंदी साधारण एक दशांश मिलिमीटर भरते. घुमटाच्या माथ्यावर अवघ्या तीस-चाळीस पेशी अशा असतात की त्या सावकाश विभागतात आणि स्वतः कोणत्याही अवयवात सामील होत नाहीत. त्यांना मूलपेशी म्हणतात. त्यांच्या विभाजनातून निर्माण होणाऱ्या पेशी हळूहळू घुमटाच्या कडेला ढकलल्या जातात, तेथे त्यांचे विभाजन वेग घेते आणि त्यांतूनच पानाचा किंवा फुलाचा अंकुर वर येतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. माथ्यावरून पेशी सतत कडेला जात असताना मूलपेशींचा साठा संपत कसा नाही, आणि विभाजन अखंड चालू असताना तो भरमसाट वाढत कसा नाही? मूलपेशी हे एखाद्या पेशीला वंशपरंपरेने मिळालेले पद असते तर उत्तर सोपे झाले असते, पण तसे ते नाही. टोमॅटोच्या शेंड्यातील मधल्या पेशी लेसर किरणांनी जाळून टाकल्या तरी थोड्याच दिवसांत शेजारच्या पेशी ती जागा घेतात आणि घुमट पूर्ववत काम करू लागतो. म्हणजे मूलपेशी असणे हे जागेवर ठरते, आणि आपण कोणत्या जागी आहोत हे पेशीला शेजाऱ्यांकडून कळावे लागते. वनस्पतीची पेशी भित्तिकेत बंद असल्यामुळे ती सरकून दुसरीकडे जाऊ शकत नाही. तिला करता येते ते एवढेच, की रासायनिक निरोप पाठवावा आणि आलेला निरोप ओळखावा. हे ओळखण्याचे काम करणारी प्रथिने म्हणजे ग्राही प्रथिने.

शेंड्यावरील ग्राहीचा शोध एका बिघाडातून लागला. अरॅबिडॉप्सिसचे फूल फार शिस्तीचे असते: चार निदले, चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि दोन किंजदलांची मिळून झालेली एक बारीक, सरळ शेंग. संशोधकांच्या संग्रहात मात्र अशी काही रोपे होती की त्यांच्या शेंगेत दोनऐवजी चार किंवा त्याहून अधिक किंजदले होती, त्यामुळे शेंग टोकाला फुगून गदेसारखी दिसे. फुलात पाकळ्या व पुंकेसर जादा असत आणि खोड कधीकधी चपटे होऊन पट्टीसारखे पसरत असे. गदेचा आकार दर्शवणाऱ्या लॅटिन शब्दावरून या उत्परिवर्तित रोपांना क्लॅव्हाटा हे नाव पडले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये इलियट मायरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९५ या काळात दाखवून दिले, की या रोपांचा मूळ दोष फुलात नसून शेंड्याच्या घुमटात आहे: तेथे मूलपेशींचा साठा नेहमीपेक्षा कितीतरी मोठा होतो, आणि जादा पाकळ्या व जादा किंजदले ही त्या फुगलेल्या साठ्याची परिणती असते. हा दोष तीन निरनिराळ्या जनुकांपैकी कोणत्याही एकाच्या बिघाडाने होतो हेही स्पष्ट झाले आणि त्या जनुकांना क्लॅव्हाटा-१, २ व ३ असे क्रमांक मिळाले.

याच सुमारास जर्मनीत ट्युबिंगेन येथे थॉमस लॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमका उलट दोष असलेले रोप हाती लागले होते. त्याच्या शेंड्यावर मूलपेशी टिकतच नसत; घुमट काही पाने देऊन थांबे, बाजूला नवा शेंडा फुटे, तोही थांबे, आणि अशा अर्धवट फुटव्यांनी रोप विस्कटलेल्या केसांसारखे दिसे. १९९६ साली वर्णिलेल्या या जनुकाला वुशेल म्हणतात. त्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या केंद्रकात राहून इतर जनुकांना चालू किंवा बंद करते. विशेष म्हणजे ते मूलपेशींमध्ये बनतच नाही. त्यांच्या बरोबर खाली असलेल्या दहाबारा पेशींच्या एका छोट्या गटात बनते, आणि हा गट वरच्या पेशींना मूलपेशी म्हणून टिकवून धरतो. वुशेल नसेल तर साठा आटतो, क्लॅव्हाटा नसेल तर साठा ओसंडतो, इतके कळल्यावर या दोहोंमध्ये काही संबंध असला पाहिजे, हा तर्क अपरिहार्य होता.

१९९७ साली क्लॅव्हाटा-१ जनुकाची अक्षरे वाचली गेली तेव्हा त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाची रचना संबंध सुचवणारीच निघाली. हे ९८० अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीपटलात रुतलेले असते आणि त्याचे तीन भाग पडतात. पेशीबाहेर राहणारा भाग ल्युसीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या २१ तुकड्यांचा असतो. हे तुकडे एकापुढे एक रचले जाऊन बाकदार पट्टी तयार होते आणि तिच्या आतल्या बाजूला निरोप्या रेणू बसू शकतो. मधला छोटा भाग पटलाच्या आरपार जातो. पेशीच्या आत लोंबणारा तिसरा भाग कायनेज नावाचे विकर असते, म्हणजे ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडते, आणि फॉस्फेट जोडला गेला की त्या प्रथिनाचे वर्तन बदलते. बाहेर निरोप्या बसला की आतील विकराला जाग येते. निरोप्या स्वतः पेशीत शिरत नाही, तरीही त्याचा निरोप आत पोहोचतो.

वनस्पतींमध्ये अशी प्रथिने आहेत हे १९९० साली मक्यात प्रथम दिसले होते, पण ती किती आहेत याचा अंदाज अरॅबिडॉप्सिसचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचून होईपर्यंत कोणालाच नव्हता. या एवढ्याशा तणात ग्राही-कायनेज घराण्याची सहाशेहून अधिक जनुके निघाली आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक ल्युसीनच्या तुकड्यांची पट्टी बाळगणारी होती. माणसात याच धर्तीच्या पृष्ठभागावरील ग्राही-कायनेजांची संख्या शंभराच्याही आत राहते. जागचे हलू न शकणाऱ्या जिवाने परिसराची आणि स्वतःच्या अवयवांची खबर घेण्यावर एवढा खर्च करावा, यात आश्चर्य नाही. या घराण्यातील सगळ्यांना वाढीचेच काम आहे असेही नाही. रानटी भातातून आलेले आणि १९९५ साली ओळखले गेलेले एक्सए-२१ हे प्रथिन करपा आणणाऱ्या जिवाणूची चाहूल घेते. जिवाणूंच्या शेपटीतील प्रथिनाचा तुकडा ओळखणारा अरॅबिडॉप्सिसचा ग्राहीही याच बांधणीचा आहे. घडण तीच, फक्त बाहेर काय बसते आणि आत कोणाला कळवले जाते एवढेच बदलते.

ग्राही सापडला, तर त्यावर बसणारा निरोप्या कोणता? १९९९ साली क्लॅव्हाटा-३ हाती आले आणि ते ९६ अमिनो आम्लांचे, पेशीबाहेर सोडले जाणारे छोटे प्रथिन असल्याचे दिसले. वनस्पतींमध्ये संदेशवहन ऑक्सिनसारख्या लहान संप्रेरक-रेणूंनीच चालते, अशी तोवरची समजूत होती. प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, हे काम करतात ही कल्पना नुकतीच मूळ धरत होती. ९६ अमिनो आम्लांपैकी बहुतेक भाग बाहेर पडताना छाटला जातो आणि खरा निरोप शेवटाजवळच्या बारा-तेरा अमिनो आम्लांच्या तुकड्यात असतो, हे जपानी संशोधकांनी २००६ ते २००९ या काळात सिद्ध केले. त्या तुकड्यातील एका प्रोलीनवर अरॅबिनोज शर्करेची छोटी साखळी चढवलेली असते आणि तिच्यामुळे तो ग्राहीला अधिक घट्ट चिकटतो. हा तुकडा क्लॅव्हाटा-१ च्या बाहेरील भागावर प्रत्यक्ष बसतो, याचा जैवरासायनिक पुरावा २००८ साली मिळाला. ग्राहीचे जनुक सापडल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी.

आता सगळी साखळी जुळवता येते. माथ्यावरील मूलपेशी क्लॅव्हाटा-३ चे पेप्टाइड तयार करून सोडतात. ते खाली झिरपते आणि खालच्या पेशींच्या पटलातील क्लॅव्हाटा-१ वर बसते. ग्राही जागा होतो आणि त्या पेशींमधील वुशेल जनुकाला आवर घालतो. वुशेल कमी झाले की वरच्या पेशींना मूलपेशी ठेवणारा आधार कमी होतो, साठा आक्रसतो, पेप्टाइड कमी सुटते, आवर सैल पडतो आणि वुशेल पुन्हा वाढते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की तरंगता गोळा नळ बंद करतो आणि पाणी उतरले की उघडतो, तसाच हा स्वतःला सावरणारा फेरा आहे. २००० साली लॉक्स यांच्या व रुडिगर सिमॉन यांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे मांडला आणि तेव्हापासून विकासजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला कायमची जागा मिळाली.

या फेऱ्यातील एक दुवा मात्र बराच काळ सुटा होता. वुशेल खालच्या पेशींत बनते, मग त्याचा प्रभाव वर कसा पोहोचतो? २०११ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जी. वेणुगोपाल रेड्डी यांच्या प्रयोगशाळेतून राम किशोर यादव आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले: वुशेलचे प्रथिन स्वतःच पेशीभित्तिकांमधील सूक्ष्म छिद्रांतून वर सरकते, मूलपेशींच्या केंद्रकात शिरते आणि क्लॅव्हाटा-३ चे जनुक थेट चालू करते. म्हणजे आपल्याला आवरणाऱ्या निरोप्याची निर्मिती वुशेल स्वतःच करवून घेते. याआधी २००५ साली रेड्डी व मायरोविट्झ यांनी जिवंत शेंड्याची सूक्ष्मदर्शकातून सलग छायाचित्रे घेत असताना क्लॅव्हाटा-३ तात्पुरते बंद करून पाहिले होते, तेव्हा कडेच्या पेशी पाहता पाहता मूलपेशींसारख्या वागू लागल्या होत्या. स्थिर दिसणारा शेंडा प्रत्यक्षात दर घटकेला नव्याने ठरवला जात असतो, हे त्या छायाचित्रांइतके कोणत्याही आकृतीतून पटत नाही.

निसर्गाने हे काम एकाच प्रथिनावर सोपवलेले नाही. क्लॅव्हाटा-२ ला बाहेरची पट्टी आहे पण आतले कायनेज नाही, म्हणून ते कोरीन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी करते आणि ही जोडी क्लॅव्हाटा-१ ला समांतर काम करते. शिवाय क्लॅव्हाटा-१ ची बॅम नावाची जवळची भावंडे आहेत. एरवी ती शेंड्याच्या मध्यभागी दबलेली असतात, पण क्लॅव्हाटा-१ नाहीसे झाले की तेथे बॅमचे प्रमाण वाढते आणि ती मोकळ्या जागेचा काही भार उचलतात. म्हणूनच क्लॅव्हाटा-१ पूर्णपणे काढून टाकलेले रोप अनेकदा अपेक्षेपेक्षा सौम्य दोष दाखवते, तर बिघडलेले प्रथिन जागा अडवून बसलेले रोप अधिक विकृत होते. काहीच नसण्यापेक्षा निकामी वस्तू जागेवर असणे अधिक घातक ठरते, हा प्रकार जनुकशास्त्राला नवा नाही. खुद्द ग्राहीदेखील पेप्टाइड बसल्यावर पटलावर राहत नाही. तो आत ओढला जाऊन पेशीतील रसधानीकडे विल्हेवाटीसाठी जातो, आणि त्यामुळे पेप्टाइड किती खोलवर झिरपावे यालाही मर्यादा पडते.

इथवरचे सारे एका निरुपयोगी तणाविषयी आहे, परंतु याच फेऱ्याशी शेतकऱ्यांनी हजारो वर्षे नकळत खेळ केलेला आहे. जंगली टोमॅटोचे फळ वाटाण्याहून थोडे मोठे आणि दोन कप्प्यांचे असते. बाजारातील मोठा, वळ्यावळ्यांचा टोमॅटो कापला तर आठदहा कप्पे सहज मोजता येतात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक किंजदल, आणि किंजदले किती हे फूल घडताना विभाजी ऊती किती मोठी होती यावर ठरते. या वाढीमागे मुख्यतः दोन जुने बदल आहेत. एक वुशेलच्या टोमॅटोतील प्रतिरूपाजवळ आहे आणि तो कप्पे थोडेसे वाढवतो. दुसरा अधिक धडाकेबाज आहे: गुणसूत्राचा सुमारे २,९४,००० आधारजोड्यांचा तुकडा उलटा फिरला आणि त्याचे एक टोक टोमॅटोच्या क्लॅव्हाटा-३ जनुकाच्या नियंत्रक भागावर तुटले, त्यामुळे जनुक शाबूत राहिले पण त्याची निर्मिती घटली. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील झॅक लिपमन यांच्या गटाने २०१५ साली हे उलगडले आणि त्याच कामात पेप्टाइडवर शर्करा चढवणाऱ्या विकरातील बिघाडानेही फुले व फळे अशीच फुगतात असे आढळले. केवळ साखरेचा एक कण चढला नाही म्हणून फळाचा आकार बदलावा, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या अभ्यासकालाही थबकायला लावणारी आहे.

या उदाहरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे मात्रा. निरोप पुरता बंद पडला असता तर फुले विद्रूप झाली असती आणि असे रोप बियाण्यासाठी कोणी राखून ठेवले नसते. तो केवळ क्षीण झाला म्हणून मोठे फळ मिळाले. मक्यात हेच अधिक स्पष्ट दिसते. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे याच्या कणसात दाण्यांच्या दोनच ओळी असतात, लागवडीच्या मक्यात आठ ते वीस किंवा त्याहून अधिक. डेव्हिड जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मक्यातील क्लॅव्हाटा-२ चे प्रतिरूप ओळखले. ते पूर्ण निकामी झाले की कणीस चपटे, आखूड आणि वेडेवाकडे होते, दाण्यांच्या ओळी असंख्य असूनही त्यांचा उपयोग नसतो. परंतु त्याच जनुकाच्या सौम्य बिघाडांत कणसाची लांबी न घटता ओळी वाढल्या, असे त्यांनी २०१३ साली दाखवले. पुढे २०१६ मध्ये याच गटाला आणखी एक ग्राही सापडला, जो घुमटाच्या बुडाशी राहून कोवळ्या पानांच्या अंकुरांकडून येणारे पेप्टाइड ओळखतो. म्हणजे माथा आणि बूड दोन्हीकडून मूलपेशींवर लक्ष असते, आणि आधीच जन्मलेली पाने पुढच्या पानांची संख्या ठरवण्यात भाग घेतात.

आता जनुकसंपादनाने जनुकाला हात न लावता त्याच्या नियंत्रक भागात बारीक बारीक कातर लावता येते. टोमॅटोत २०१७ साली अशा प्रकारे क्लॅव्हाटा-३ च्या निर्मितीच्या अनेक पायऱ्या तयार करून कप्प्यांच्या संख्येची जवळजवळ सलग मालिका मिळवण्यात आली, आणि २०२१ साली मक्यातील पेप्टाइडांच्या नियंत्रक भागांतही त्याच रीतीने बदल करून उत्पादनाशी निगडित गुण सुधारले गेले. सुधारित वाण म्हणजे नवे जनुक घातलेला वाण, अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे मात्र असलेला लगाम किंचित सैल करण्यापलीकडे काही केलेले नाही, आणि प्राचीन शेतकऱ्यांनी डोळ्यांनी निवड करून साधले त्याहून ते तत्त्वतः वेगळे नाही. उत्तर भारतात पिकणाऱ्या पिवळ्या सरसोंच्या काही वाणांत शेंगेला दोनऐवजी चार कप्पे असतात. त्याचेही मूळ क्लॅव्हाटा-३ च्या प्रतिरूपापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला शेंडा पसरून येणाऱ्या चपटेपणाचे सर्वांत ओळखीचे रूप शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. खरिपाच्या शेतात तण म्हणून उगवणारा आणि कोवळेपणी भाजीला चालणारा कुर्डू, आणि बागेत वा फुलबाजारात मखमली तुरा मिरवणारा कोंबडा, या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या वनस्पती आहेत. कुर्डूचा तुरा निमुळता, कारण त्याचा शेंडा टोकदार राहतो. कोंबड्यात तोच शेंडा बिंदूऐवजी रेषेसारखा पसरतो आणि वाढत्या कडेला जागा न पुरल्याने चुण्या पडतात. फुलकोबीचा गड्डा मात्र यात मोडत नाही. तेथे एक शेंडा रुंद झालेला नसून फूल होता होता अडलेले असंख्य शेंडे दाटीवाटीने जमलेले असतात, आणि त्यामागची जनुके वेगळी आहेत.

शेंड्यावर पेशींची संख्या ठरते, पण रोपाची उंची पेशी किती लांबतात यावरही अवलंबून असते आणि तेथे याच घराण्यातील दुसरा ग्राही काम करतो. १९७९ साली अमेरिकेत मोहरीवर्गीय पिकाच्या, मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागांतून ब्रासिनोलाइड हा स्टेरॉइड वेगळा करण्यात आला. या गटातील होमोब्रासिनोलाइड हे नाव द्राक्षबागायतदारांना फवारणीच्या वेळापत्रकातून परिचित आहे. जिआनमिंग ली आणि जोआन चोरी यांनी १९९७ साली, म्हणजे क्लॅव्हाटा-१ च्याच वर्षी, त्याच्या ग्राहीचे जनुक ओळखले आणि त्याला बीआरआय-१ असे नाव आहे. प्राण्यांतील स्टेरॉइड संप्रेरके बहुतांशी पेशीत शिरून आतील ग्राहींना भेटतात. वनस्पतीने तोच रेणुवर्ग पेशीच्या पृष्ठभागावरच अडवून वाचण्याची सोय केली आहे. हा ग्राही नसलेले रोप खुजे, गर्द हिरवे आणि आखडलेल्या पानांचे होते. तो फक्त बाह्यत्वचेच्या पेशींत परत दिला तरी संपूर्ण रोपाची उंची बऱ्याच अंशी भरून येते, असे २००७ साली दिसले. आतल्या पेशी किती लांबणार हे बाहेरच्या कातडीच्या परवानगीवर अवलंबून असते, असा त्याचा अर्थ होतो. जपान व कोरियात पिकवला जाणारा उझू हा बुटका जव याच ग्राहीतील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे बुटका आहे आणि म्हणूनच तो सहसा लोळत नाही.

खोडाची जाडी वाढवणाऱ्या ऊतककर नावाच्या थरातही असाच प्रबंध आहे. रसवाहिनीकडून निघालेले पेप्टाइड ऊतककरातील पीएक्सवाय या ग्राहीवर बसते आणि त्या पेशींना लाकूड होण्यापासून रोखून विभागत ठेवते. शेंड्यावरील पेप्टाइड मूलपेशींचा साठा आवरते, तर त्याच कुळातील हे पेप्टाइड साठा राखते. रेणूंचे नाते जवळचे असले तरी आज्ञा उलट असू शकते.

महाराष्ट्राच्या शेतीशी सर्वांत निकट असलेले उदाहरण सोयाबीनचे आहे, आणि ते शेंड्याचे नसून मुळांचे आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळण्याचा हेतू मुळांवर गाठी याव्यात आणि त्यांतील जिवाणूंनी हवेतील नत्र रोपाला द्यावे हा असतो. गाठी मात्र फुकट मिळत नाहीत. जिवाणूंना पोसण्यासाठी पानांत तयार झालेली बरीच शर्करा खर्ची पडते, म्हणून गाठी किती येऊ द्यायच्या याचा हिशेब रोपाला ठेवावा लागतो. १९८५ साली ऑस्ट्रेलियात ब्रॅग या वाणापासून अशी सोयाबीनची रोपे तयार करण्यात आली की ज्यांच्या मुळांवर नेहमीच्या कित्येक पट गाठी येत, आणि जमिनीत नत्र भरपूर असले तरी येतच राहत. कलम करून पाहिल्यावर कोडे आणखी वाढले: साध्या मुळांवर या सदोष वाणाचा शेंडा बांधला तर गाठींची गर्दी होई, पण सदोष मुळांवर साधा शेंडा बांधला तर गाठी बेताच्याच राहत. मुळांवरील गाठींचा निर्णय जमिनीच्या वर होत होता.

दोषी जनुक २००३ साली ओळखले गेले आणि ते क्लॅव्हाटा-१ चे अगदी जवळचे नातेवाईक निघाले. आदल्याच वर्षी लोटस या दुसऱ्या शेंगवर्गीय वनस्पतीत त्याचे प्रतिरूप सापडले होते. पहिल्या गाठी येऊ लागल्या की मुळे क्लॅव्हाटा-३ च्या कुळातील पेप्टाइडे तयार करतात, ती जलवाहिन्यांमधून पाण्याबरोबर पानांपर्यंत चढतात, तेथील ग्राही ती ओळखतो आणि पानाकडून खाली उलट निरोप जातो, की आता नव्या गाठी पुरेत. सोयाबीनचा शेंडा मात्र या ग्राहीच्या बिघाडाने फुगत नाही. एका जुन्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि त्यांतील एकीने शेंड्याजवळचे, तर दुसरीने मुळांचे काम घेतले, असे चित्र दिसते. गाठींनी लगडलेली रोपे पाहून अधिक उत्पादनाची आशा वाटणे स्वाभाविक होते, पण ती रोपे सामान्यतः खुरटलेली निघाली, कारण गाठींना पोसता पोसता मुळे व पाने उपाशी राहिली. येथेही संपूर्ण मोकळीक रोपाच्या हिताची ठरली नाही.

सोयाबीनच्या मुळांना या निरोपांमुळे आणखी एका बाजूने धोका आहे. पुटी करणारा सूत्रकृमी मुळात शिरून एखाद्या पेशीत आपली सोंड खुपसतो आणि लाळेतून क्लॅव्हाटा-३ च्या कुळाशी जुळणारी पेप्टाइडे सोडतो, त्यामुळे मुळातील पेशी एकमेकींत विरघळून त्याच्यासाठी एक मोठी अन्नपेशी तयार होते. ही नक्कल इतकी हुबेहूब असते की कृमीचे जनुक क्लॅव्हाटा-३ नसलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये घातले असता त्या रोपाचा शेंडा पुन्हा आटोपशीर झाला. ज्या रोपांमध्ये क्लॅव्हाटा-१, क्लॅव्हाटा-२ किंवा कोरीन हे ग्राही नाहीत, त्यांच्या मुळांवर बीटला लागणारा याच वर्गातील कृमी सोडून पाहण्यात आला, तेव्हा त्याला अन्नपेशी नीट उभारता आली नाही आणि त्या मुळांवर कृमींची संख्या कमी भरली.